तीन नंबरचा परीक्षक

तीर्थस्वरूप मामी,

तुम्हाला मनापासून नमस्कार. तुमची पाठ आता कशी आहे? उशी बदललीत का, की अजून तीच दगडासारखी वापरता? आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे मी आणि ही. हिचं लिफ्टच्या कंपनीतलं तक्रारींचं टेबल जोरात चाललंय. दिवसभर मजल्यांच्या मधोमध अडकलेल्या माणसांशी शांतपणे बोलून ती घरी येते, आणि मग माझ्याशीही त्याच आवाजात बोलते. चष्म्याच्या दुकानातलं माझं काचा घासण्याचं काम ठीक चाललंय. तुमचा नातू बोलायला लागला असं कळलं. काय बोलतो ते जरूर कळवा.

पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. फोन केला असता, पण तुमच्या घरी फोन एकच आणि तो मामा उचलतात. हल्ली तर पहिल्या रिंगला उचलतात. त्यामुळे मला जे सांगायचंय ते फोनवर सांगता येत नाही, आणि पत्रात तरी सांगता येईल की नाही कोण जाणे, कारण माझंच मला अजून नीट उमगलेलं नाही.

झालं असं. शास्त्रीय वाद्यवादनाची एक ऑनलाइन स्पर्धा असते, असं मला दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं. (त्यांना जवळचा आणि लांबचा असे दोन्ही नंबर होते, आणि ते सतत मान वर-खाली करत बोलत होते, त्यामुळे मीही होकार देत गेलो.) व्हायोलिन मी सोडलेलं नाही हे तुम्हाला माहीत आहे. मामांना माहीत आहे की नाही, ते मला तोवर कधी कळलं नव्हतं. मी दुकानात नोकरी धरली तेव्हा ते काही बोलले नाहीत, आणि त्यानंतर वाद्याचा विषयही त्यांनी कधी काढला नाही. तब्येत विचारायचे, हवामान विचारायचे, एकदा तर दुकानाच्या पाटीचा रंग विचारला, पण वाजवतोस का, असं नाही विचारलं. स्पर्धेत नाव द्यावं आणि काहीतरी पदरात पडलं तर आपणहून त्यांना सांगावं, असा माझा साधा बेत होता.

स्पर्धेच्या पानावर दोन चौकोन होते. एकावर लिहिलं होतं ‘सहभाग’ आणि दुसऱ्यावर ‘श्रवणमंडळ’. चष्मा मी दुकानात विसरून आलो होतो. (तुम्ही हसाल म्हणून हे कंसात लिहितोय.) मला वाटलं, सहभाग म्हणजे नुसतंच हजर राहणं, आपल्याला तर कोणीतरी ऐकायला हवंय. म्हणून श्रवणावर बोट ठेवलं. त्यांनी विचारलं, शास्त्रीय संगीताशी संबंध किती वर्षांचा? मी लिहिलं, लहानपणापासूनचा. कोणाकडे शिकलात? मामांचं नाव लिहिलं. वादनाचा नमुना मागितला नव्हता, पण मी आपणहून पाठवला. तो दुकानातल्या डोळे तपासायच्या खोलीत केला, कारण घरचा फ्रिज नेमका माझ्या षड्जाच्या किंचित खाली गुणगुणतो. उत्तर आलं की आपण स्वतःही वाजवता हे पाहून आम्हाला फार आनंद झाला. ‘स्वतःही’ हा शब्द मला जरा खटकला. पण आयोजकांची भाषा हल्ली अशीच असते, म्हणून सोडून दिलं.

काही दिवसांनी दहा जणांची रेकॉर्डिंग माझ्याकडे आली. नावं नाहीत, चेहरे नाहीत, फक्त हात आणि वाद्य दिसेल एवढंच चित्र. सोबत सूचना होती: प्रत्येकाला एक ते दहा यांपैकी आकडा द्या आणि खाली दोन ओळींचा अभिप्राय लिहा. मी हिला म्हटलं, बघ, किती मोकळी स्पर्धा आहे, स्पर्धकच एकमेकांना लावतात. माझं रेकॉर्डिंग त्या दहांत नव्हतं, आणि तेही मला रास्तच वाटलं. स्वतःला कोण नंबर देणार? माणसं दहा आणि आकडेही दहा, म्हणजे काय करायचं ते उघडच होतं. सर्वांत चांगल्याला एक, मग दोन, मग तीन. ही म्हणाली, एकदा विचारून घे. अडकलेल्या माणसांनी बटणं दाबण्याआधी विचारावं, असं तिचं ठाम मत आहे. मी विचारलं नाही.

मामी, त्या दहांत सातवे हात मामांचे होते.

मी आधी गजाच्या पकडीवरून ओळखलं, पण खात्री होईना. करंगळी वर उचलायची सवय आणखीही कोणाला असू शकते. मग मागचा पडदा ओळखीचा वाटला. आणि विलंबित संपलं, द्रुतही संपलं, शेवटचा सूर हवेत असतानाच तुमचा आवाज आला, की आता येताय का, ताटं वाढलीत. मी जागेवरून उठून उभा राहिलो. निवृत्त झाल्यावर त्यांनी वाद्य पेटीत ठेवलं ते ठेवलंच, असं तुम्हीच म्हणायचात ना? मग हे कधी बाहेर निघालं? आणि असं वाजवलं होतं की काय सांगू. मी लहानपणी तुमच्या ओसरीत बसून जे ऐकायचो तेच होतं, पण त्यात घाई कमी आणि समजूत जास्त. मी पुन्हा लावलं आणि शेवटापर्यंत ऐकलं. अभिप्रायात लिहिलं, ‘यापेक्षा सुंदर विलंबित मी आजवर ऐकलेलं नाही. ऐकताना उभा राहिलो.’ आणि आकडा दिला, एक.

दहावा आकडा ज्याला दिला त्याचं वादन ऐकून आमच्या शेजारणीने दाराला तेल घालायला सांगितलं होतं. त्याला मी शक्य तितक्या सौम्यपणे लिहिलं, ‘वाद्याला थोडी विश्रांती द्यावी. आपल्यालाही बरं वाटेल.’

निकालाच्या दिवशी मी माझं नाव वरून शोधत खाली आलो. स्पर्धकांत नव्हतं. आणखी खाली गेलो तर सापडलं, परीक्षकांत, तिसऱ्या क्रमांकावर. फोन केला तर आयोजक बाई घाईघाईने बोलत होत्या. मी म्हटलं, माझा नंबर लागला नाही हे मान्य, पण नाव चुकीच्या जागी छापलंय.

त्या म्हणाल्या, “तुम्ही स्पर्धेत नव्हतातच. तुम्ही परीक्षक होतात.”

मग त्यांनी माझं कौतुक सुरू केलं. पहिले परीक्षक आजारी पडले होते, दुसऱ्यांनी सगळ्यांना सरसकट सात गुण दिले होते, त्यामुळे सगळा निकाल माझ्यावरच लागला होता. इतक्या निर्भीडपणे गुण देणारा माणूस त्यांना आजवर भेटला नव्हता. गुण, हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. दाराची बिजागरी पहिली आली होती. मामा शेवटचे आले होते. मी निकालाचं पान पुन्हा पुन्हा वरून खाली वाचत सुटलो. ही शेवटी जवळ येऊन म्हणाली, घाबरू नकोस, दार उघडेल. सवयीने म्हणाली असावी.

त्याच संध्याकाळी मामांचा फोन आला. मला वाटलं, कळलं त्यांना. पण परीक्षकांची नावं त्यांनी पाहिलीच नव्हती, कारण ते स्वतःच्या नावाच्या ओळीवरच थांबले होते. कोणालाही न सांगता भाग घेतला होता म्हणाले, तुम्हालासुद्धा नाही. तुम्ही ताटावर बोलवायला आलात तेवढंच. मग त्यांनी तीन नंबरच्या परीक्षकाचा अभिप्राय मला वाचून दाखवला. उभा राहिलो म्हणे, आणि गुण एक. इतका थंड टोमणा मारणारा माणूस वाद्य कशाला ऐकत असेल, असं ते म्हणाले. त्यांचा आवाज मात्र थंड नव्हता. तो दुखावलेला होता, मामी. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं.

पण त्यांनी विचारलं, “तू वाजवतोस म्हणून विचारतो. त्या माणसाला काय खटकलं असेल?”

तू वाजवतोस म्हणून. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मी इतका गडबडलो की खरं सांगायचं राहून गेलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, द्रुत जरा पळालं असेल. पलीकडे त्यांनी द्रुत गुणगुणून पाहिलं. मग म्हणाले, पळालं खरं. ठोक्याच्या पुढे पळायची खोड जुनीच आहे. आणि मग, उद्या वाद्य घेऊन बस.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही फोनवर एकत्र वाजवतो. एकत्र म्हणजे काय, त्यांचा सूर माझ्याकडे पोचेपर्यंत ते पुढे गेलेले असतात आणि माझा त्यांच्याकडे पोचतो तेव्हा ते माझी वाट पाहून चिडलेले असतात. समेवर आम्ही दोघं येतो, पण वेगवेगळ्या वेळी. ते मला ओरडतात. गज कुठे चाललाय, कान कुठे आहेत. लहानपणी ओरडायचे तसंच, शब्दही तेच. फोन ठेवल्यावर ही विचारते, इतका ओरडा खाऊन तू हसतोयस का? मला तेही सांगता येत नाही. परवा ते म्हणाले, पुढच्या वर्षी दोघांनी मिळून नाव देऊ आणि त्या तीन नंबरच्या माणसाला ऐकवू. मी बरं म्हणालो. तो माणूस ऐकणार कुठे बसून आणि वाजवणार कुठे बसून, हा गुंता मी सध्या बाजूला ठेवला आहे.

तुम्ही स्वतःला जपा. पाठीला शेक द्या. नातवाला माझा गोड पापा.

तुमचा भाचा

ता. क. मामी, खरं काम राहिलंच. मी आयोजक बाईंना सगळं कळवलं आहे. आधी त्यांना पटेना, मग त्यांनी माझे अभिप्राय पुन्हा वाचले आणि पटलं. निकाल बदलणार आहेत. मामा पहिले येतील आणि तसा फोन त्या तुमच्या घरच्या नंबरवर करतील. माझी एवढीच विनंती की तो फोन तुम्ही उचला आणि मामांना पुढच्या आठवड्यात सांगा. आम्ही आत्ता विलंबिताच्या शेवटाशी आलोय. एकदा तरी अखेरपर्यंत नीट पोचू द्या. पहिले आल्याचं कळलं की मग ते मला कशाला फोन करतील?

ता. क. २. हिने वरून डोकावून वाचलं. ती म्हणते, बक्षीस त्यांचं आहे, ते लपवायचा तुला काय अधिकार? तिचं बरोबर आहे. तेव्हा वरची विनंती रद्द समजा. किंवा दोनच दिवस थांबा. तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा, आणि मला कळवा, म्हणजे मलाही कळेल.

ता. क. ३. आत्ता पाहिलं, पाकिटावर हिने सवयीने मामांचंच नाव घातलंय. घरात दुसरं पाकीट नाही, आणि नाव खोडलं तर त्यांना जास्तच संशय येईल. तेव्हा मामा, हे तुम्ही उघडलं असेल तर तुम्हालाही नमस्कार. तुम्ही पहिले आला आहात. द्रुत अजिबात पळालं नव्हतं, ते मी खोटं सांगितलं. संध्याकाळी मी वाद्य लावून बसतोय. तुमचा फोन आला तर उचलीन.