उपासानंतरची साखर

रविवार, संध्याकाळ

आज पुंडलिकनगरच्या प्रार्थनासभेत आईनं साक्ष दिली. तीन दिवस उपास-प्रार्थना केली, साखर उतरली, आता गोळ्या सोडल्या. रक्त मीच आमच्या लॅबमध्ये तपासलं होतं. आकडा खरा आहे. पण तीन दिवस न जेवता साखर उतरणारच, हे मी तिथं बोलले नाही. का? बाया रडत होत्या म्हणून?

घरी येऊन गोळ्यांची पट्टी पाहिली. तशीच पडलेली.

तिला बायबलमधल्या आजारी हिज्कीया राजाची आठवण करून दिली. बरं करण्याचं वचन देवानं आधीच दिलं होतं, तरी यशया संदेष्ट्यानं त्याच्या गळवावर अंजिराची ढेप बांधायला लावलीच.

“मग दे की अंजीर. एरवी तू खाऊ देतीस व्हय?” आई म्हणाली.

मी हसले नाही. पट्टी तिच्यासमोर ठेवली. उद्या जेवल्यावर पुन्हा रक्त देशील का, विचारलं.

तिनं पट्टी उचलून उलटसुलट पाहिली. मग म्हणाली, “देईन. पण आकडा वाढला तर मंडळीला कोण सांगणार?”

“मी.”

फार पटकन म्हणाले. तेव्हापासून प्रार्थनेला बसते आहे आणि त्या बायांसमोर काय बोलायचं, त्याचीच वाक्यं जुळवते आहे.