लाल कयाकचा वारस

मी, अनुसूया केशव उकिडवे, वय चौसष्ट, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार श्रीवर्धन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणायचा प्रयत्न झाला, पण तो आणणाऱ्याची कुवत कमी पडली.

१. माझा भाचा यशोधन मला म्हणाला, "आत्या, आधी मृत्युपत्र कर, मग खुशाल जा नदीत." हा गृहस्थ लिफ्ट अडकली तर आतून आईला फोन करतो. राहते घर व सुपारीची वाडी त्यालाच देते, कारण वाडी सांभाळायला छाती लागत नाही. मात्र विहिरीशेजारी तंबू ठोकून त्याला 'निसर्ग अनुभव' म्हणू नये.

२. बँकेतील ठेवी व पितळी भांडी सगुणाला. घरात काम करताना मला न शिकवणारी ती एकटीच.

३. हर्षद चौबळ हा नदीवरचा माझा जुना सोबती. हेल्मेटवर कॅमेरा लावून फिरतो आणि रोज सकाळी 'वय हा फक्त आकडा' असे संदेश पाठवतो. त्याचा खांदा निखळतो, तेव्हा तो आकडा सगळ्या खोऱ्याला ऐकू जातो. साक्षीदाराला वाटा देऊ नये, असे माझ्या वकील रुचिका सांगतात. म्हणून हर्षदला साक्षीदार केले आहे.

४. लाल कयाक, एकट्याने वल्हवायची निमुळती होडी. कुंडलिका नदीच्या पावसाळी पाण्यात मी ती वीस वर्षे चालवली. तिथे एका खडकाखाली पाणी जागच्या जागी कुटत राहते आणि सापडलेले सोडत नाही. आम्ही त्याला उखळ म्हणतो. गेल्या श्रावणात तिथे मी उलटले. यशोधनची बहीण क्षिप्रा दोर घेऊन काठावर होती. तिने पाण्यात उडी मारून मला ओढून काढले. शुद्धीवर येताच मी तिला झापले, "दोर टाकायचा असतो, मूर्ख मुली!"

ती म्हणाली, "पोचत नव्हता, आत्या. पुन्हा नाही पोचला तर पुन्हा उडी मारीन."

या रविवारी पुन्हा उखळात उतरायचे ठरले होते. तेव्हा कयाक माझ्या पश्चात क्षिप्राला, असे मी लिहिले. प्रत्येक कलमाला विचारतात तोच प्रश्न रुचिकांनी विचारला, "ती तुमच्या आधी किंवा तुमच्यासोबत वारली, तर कोणाला?"

घराच्या आणि भांड्यांच्या वेळी मी पटकन नावे सांगितली होती. इथे सांगता येईना. मी उखळात मेले, तर काठावर क्षिप्राच असणार. मरणाची भीती मला कधी वाटली नाही. 'तुमच्यासोबत' या शब्दाची वाटली.

५. सबब कयाक या मृत्युपत्रातून वगळून आजच, हयातीत, क्षिप्राला दिली आहे. उखळ मी सोडले. गुडघ्यांमुळे नाही आणि यशोधनमुळे तर मुळीच नाही. त्याने पेढे वाटू नयेत. वल्हे माझ्याकडे राहील. खाडीतल्या संथ पाण्याला मी जन्मभर 'पेन्शनरांचे पाणी' म्हणून हिणवले, आता त्यातच ते वल्हे मारीन.

६. क्षिप्रा, उखळाआधी उतरून पाणी नीट बघ. मन नाही म्हणाले तर कयाक खांद्यावर घेऊन काठाने पुढे जा. काठावर मी असेन. दोर नवा आणला आहे, आधीच्यापेक्षा लांब. यापुढे कोणी उडी मारायची नाही.

सही: अनुसूया केशव उकिडवे

साक्षीदार: १. ॲड. रुचिका परांजपे
२. हर्षद चौबळ. सही करताना "घाबरलीस काय गं?" असे म्हणाला. मी "हो" म्हटले, याची नोंद असावी.

श्रीवर्धन, ४ जुलै २०२५