सतरावा अध्याय

माय, आज दुपारी तुझ्या पणतीने ते पुस्तक वाचून संपवलं. जेवायलाही उठली नाही. मी दोनदा हाक मारली, तर "आजी, थांब ना, ती नदीपाशी आलीय," एवढंच म्हणाली. नदीपाशी म्हणजे चौदावा अध्याय, हे मला न बघता कळलं, कारण तिथे तुझ्या हातातला कापूस थांबला होता. पुस्तकाची शिवण आता दोनदा नवी झाली, पुठ्ठे तेवढे जुनेच आहेत. पानांच्या कडा चुरा होऊन मांडीवर पडतात. पण वरच्या चित्रातल्या कालवडीच्या कपाळावर तू लावलेली हळदीची बोटं अजून दिसतात. पणतीने विचारलं, हे डाग कसले? मी म्हटलं, पुस्तकाला नजर लागू नये म्हणून. खरं सांगायला गेले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. म्हणून तुला लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं हे विसरून नव्हे. ते माहीत आहे म्हणूनच लिहायचा धीर झाला.

स्वातंत्र्याला वर्ष झालं त्या झेंडावंदनाच्या दिवशी आपल्या असोद्याच्या शाळेत मला ते बक्षीस मिळालं. चौथीत पहिली आले म्हणून जळगावहून आलेल्या पाहुण्यांनी हातात पुस्तक दिलं आणि पुस्तकावर नारळ ठेवला. घोळ झाला तो त्या नारळाने. आपल्या घरात तोवर पुस्तक आलंच नव्हतं, आणि नारळासकट येते ती पोथी, एवढंच तुला ठाऊक. त्यात वर गाईगुरांचं चित्र. तू डोक्यावरून पदर घेतलास, पुस्तक देव्हाऱ्यात ठेवलंस आणि हळदकुंकू वाहिलंस. आबा हसायला लागले. "अवं, ते पोरासोरांच्या गोष्टीचं पुस्तक हाये," म्हणाले. तू मान वर न करता म्हणालीस, "गोष्टीचं तं गोष्टीचं. नारय आला ना संगं?" आणि तो नारळ समाप्तीला फोडायचा म्हणून फडताळात वर ठेवून दिलास.

दिवाळीनंतर तुझा खोकला वाढला. वैद्यांनी शेतात जायला मनाई केली, म्हणून तू घरीच ओट्यावर बसून कापसातला पालाकचरा निवडायचीस. तेव्हा वाचन सुरू झालं. रोज दुपारी एक अध्याय. "आंग धुतलं काय? मंग बस," असं तू दरडावायचीस. उदबत्ती लागायची आणि शेवटी हातावर गूळ मिळायचा. गोष्ट साधीच होती: एका मुलीची लाडकी कालवड बाप बाजारात विकून टाकतो, आणि ती पोर एकटी, बाजारामागून बाजार पालथे घालत तिला शोधत जाते. तिसऱ्या दिवशी शेजारची अक्का तिच्याकडचा कापूस घेऊन ओट्यावर येऊन बसली. आठव्या दिवशी पाच बायका झाल्या. एकीलाही अक्षर येत नव्हतं, पण बाजारातल्या दलालाने त्या पोरीला चुकीची वाट सांगितली तेव्हा अक्का अशी उसळली की कापूस उडून अंगणात गेला. "त्या दलालाच्या हातापायाले किडे पडो!" मला हसू आवरेना. तुम्ही पाचही जणी मात्र खरोखर संतापलेल्या होतात.

चौदाव्या अध्यायाच्या दिवशी मला खेळायला जायचं होतं. ती पोर गुडघाभर पाण्यात उतरली होती, पलीकडे कालवडीचा हंबरडा ऐकू येत होता, आणि मी तिथेच पान दुमडलं. तू माझा हात धरलास. "अर्ध्यात नको ठेवू व. ती पोर बिचारी रातभर पान्यातच उभी राहीन." मी वाचून पूर्ण केलं, पण कपाळाला आठ्या घालून. माय, हे वाक्य मी पुढे आयुष्यभर ऐकत राहणार आहे हे तेव्हा कळलं असतं, तर आठ्या घातल्या नसत्या.

सोळा अध्याय झाले. सोळाव्याच्या शेवटी कालवड सापडलेली असते, आणि पोर तिला घेऊन टेकडीवर येते. खाली तिचं गाव दिसतं. सतरावा पौर्णिमेला वाचायचा, असं तू ठरवलंस. घरोघर सांगावा धाडलास, रवा भाजलास, नारळ धुऊन ठेवलास. आणि नेमकं त्याच सकाळी शाळेत एका मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, "तुझी आई गोष्टीच्या पुस्तकाची पूजा करते म्हणे?" अख्खा वर्ग हसला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. घरी येऊन मी अंघोळ केली, देव्हाऱ्यातून पुस्तक घेतलं आणि मागच्या दाराने आपल्या केळीच्या बागेत पळाले.

बागेत बसून मी काय केलं? काही नाही. पुस्तक उघडलंसुद्धा नाही. रागाने केळीचं एक पान ओढून तोडलं, त्याचा चीक मागच्या पुठ्ठ्यावर सांडला. तो काळा डाग अजून आहे, केळीचा चीक जातो कुठे? तू मला हाका मारत होतीस. दोन हाकांच्या मधे तुला खोकला यायचा, आणि मी खोकला थांबायची वाट बघायचे, पण उठायचे नाही. दिवे लागले तेव्हा परत आले. बायका निघून गेल्या होत्या. तू शिऱ्याची वाटी माझ्यापुढे सरकवलीस आणि म्हणालीस, "त्याह्यले सांगलं, पोरीले बरं नाही." मारलं असतंस तर बरं झालं असतं. चार दिवसांनी मीच पुस्तक घेऊन तुझ्यापुढे बसले, घुम्यासारखी. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस. "राहू दे. तुले लाज वाटते ना? लाजत वाचलेलं मले नको." पुस्तक पुन्हा देव्हाऱ्यात गेलं. तुला मी कधीतरी हसून 'बस, वाचते' म्हणावं असं वाटत होतं, मला तू पुन्हा एकदा सांगावंस असं वाटत होतं. दोघीही एका मातीच्या. दोन महिने तसेच गेले.

संक्रांतीनंतर आबांनी तुला बैलगाडीत घालून जळगावच्या दवाखान्यात नेलं. मला आठवड्याने भेटायला नेलं. खाटेवर तू इतकी लहान दिसत होतीस की मी आधी पुढच्या खाटेकडे गेले. तुझा हात गरम आहे. नखात अजून कापसाचा धागा आहे. तू विचारतेस, "ती पोर घरी पोचली काय व?" पुस्तक घरी देव्हाऱ्यात आहे, सतराव्या अध्यायाचं एकही पान मी उलटलेलं नाही. मी म्हणते, "पोचली." "कालवड घेऊन?" "कालवड घेऊन." तू थोडी थांबतेस, दम गोळा करतेस. "तिची माय होती ना घरी?" मी म्हणते, "दारातच उभी होती." तू डोळे मिटून घेतेस. चेहऱ्यावर असं समाधान, की मला रडायलाही येत नाही. "मंग नारय फोळजो," म्हणतेस. ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. होळीच्या आत तू गेलीस.

नारळ मी फोडला नाही. समाप्ती झालीच नव्हती, फोडणार कशाचा?

सात वर्षांनी लग्न होऊन धुळ्याला गेले, तेव्हा लुगड्यांच्या खाली पुस्तक आणि नारळ दोन्ही घेऊन गेले. सासूबाईंना ते सापडलं. "हाई कसानी पोथी शे?" त्यांनी त्यांच्या अहिराणीत विचारलं, ही कसली पोथी म्हणून. गोष्ट आहे, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, "वाचून दाखवते." मिरच्यांचे देठ खुडत त्यांनी सोळा अध्याय ऐकले. तुला पोरीची काळजी असायची, त्यांना कालवडीची. तिने वाटेत काय खाल्लं, पाणी कुणी पाजलं, हे त्या दर दोन पानांनी विचारायच्या. सोळावा संपला आणि मी पुस्तक मिटलं. "मंग? पोर घर उनी का नही?" मी म्हटलं, पुढचं तुमच्या मुलाला वाचायला सांगा. रविवारी यांनी चुलीपाशी बसून आईला सतरावा अध्याय वाचून दाखवला, आणि मी घागर घेऊन विहिरीवर गेले. भरलेली घागर पुन्हा ओतली, पुन्हा भरली. परत आले तर सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. "धूर लागना," म्हणाल्या. चूल विझलेली होती.

त्या आनंदाने रडल्या की दुःखाने, हे मी विचारलं नाही. पुढे माझ्या मुलीलाही सोळाच अध्याय वाचून दाखवले आणि सांगितलं, सतरावा ज्याचा त्याने वाचायचा असतो. त्यापायी ती शाळेत जायच्या आधी अक्षरं शिकली. लोक माझं कौतुक करायचे, मुलीला वाचनाची गोडी कशी लावली म्हणून! तिने तिच्या मुलीला तसंच सांगितलं. आता घरात तो नियमच झाला आहे, आणि तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. पुस्तक इतक्या हातांतून गेलं, प्रत्येकीचा जीव त्या टेकडीवर अडकला, आणि प्रत्येकजणी खाली उतरून गेली. मी तेवढी मागे राहिले.

आज संध्याकाळी पणती बाहेर आली. डोळे लाल होते, पण लाल डोळ्यांवरून काय कळतं? "आजी, शेवटी तिची आई..." म्हणाली, आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला. पोर घाबरली. "तुला माहीतच आहे ना? तू तर कितीदा वाचलंस." मी म्हटलं, हो, माहीत आहे. म्हणजे आज आणखी एक खोटं झालं.

माय, मला भीती वाटते. ती पोर घरी पोचलीच नसली तर? किंवा पोचली, आणि दारात कुणी नसलं तर? मग मी शेवटच्या भेटीत तुला जे सांगितलं ते खोटं ठरेल. न वाचता बोलले खरी, पण वाचत नाही तोवर ते खरं असण्याची थोडी जागा राहते. त्या जागेवर मी इतकी वर्षं काढली. तू म्हणाली होतीस, अर्ध्यात ठेवू नको, ती पोर उभी राहीन. उभी आहे, माय. सगळ्यांसाठी ती कधीच घरी गेली असेल, माझ्यापुरती ती अजून टेकडीवर कालवडीचा दोर धरून उभी आहे.

हे पत्र सोळाव्या आणि सतराव्या अध्यायाच्या मधे ठेवते आहे. त्याच्या पुढचं पान उलटायला आजही माझा हात झाला नाही. नारळ देव्हाऱ्यात आहे, तसाच. हलवला की आत वाजतो.