किलियनने खाणीत उतरू नये म्हणून

मी, वाल्बुर्गा हायडलर, कै. एंगेलबर्ट हायडलर यांची पत्नी, राहणार योआखिम्सथाल, बोहेमिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. पायांची सूज गुडघ्यांच्या वर चढली आहे, पण लिहायला पाय लागत नाहीत. कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर मी मुद्दाम उलट लिहिले असते, हे घरच्यांना ठाऊक आहे.

पहिले. लेस विणायची उशी, दोरा गुंडाळायच्या लाकडी काठ्या आणि अर्धवट राहिलेली कॉलर माझी मुलगी ओटिलिए हिला द्यावी. ती रेडियमच्या स्नानगृहात पाहुण्यांना चादरीत गुंडाळायचे काम करते आणि घरी आल्यावर तिला विणकामाचा कंटाळा येतो. तरी उशी तिच्याकडेच राहावी.

दुसरे. तांब्याची मोठी किटली नणंद क्रेसेन्झ हिला मिळणार नाही. माझा थोरला फ्लोरियन गेला, तेव्हा शवपेटीशेजारी उभी राहून ती म्हणाली, "आमच्या घराण्यात कोणाची छाती अशी नव्हती. हे तुझ्या माहेरचं आलंय." तिचा सख्खा भाऊ, म्हणजे माझा नवरा, त्याच खोकल्याने गेला होता. किटली विकावी, पण तिला विकू नये.

तिसरे. राहते घर. ते पाहुण्यांच्या भाड्यावर चालते आणि पाहुणे येतात ते खाणीतल्या पाण्यासाठी. मी लहान असताना खाणीतला काळा दगड लोक शिव्या देऊन ढिगाऱ्यावर फेकत. चांदी संपल्याची ती खूण होती. मग पॅरिसमध्ये त्याच दगडातून रेडियम निघाले आणि आमच्या गल्लीत मोटारी येऊ लागल्या. व्हिएन्नाचे लोक काठी टेकत येतात, त्या पाण्यात बसतात आणि जाताना काठी माझ्याकडे विसरून जातात. माझा नवरा त्याच पाण्यात उभा राहून दगड फोडायचा. त्याने पन्नाशी पाहिली नाही, फ्लोरियनने तिशीही नाही. डॉक्टर म्हणतात धूळ, कोणी म्हणते ओल. जे पाणी त्यांना चालते करते, त्याच पाण्यातून आमची माणसे अशी का वर येतात? मला हे कळत नाही, आणि विचारावे असे कोणी नाही.

म्हणून घर माझा धाकटा मुलगा किलियन याला, तो पुन्हा खाणीत उतरणार नाही या अटीवर.

हे लिहिले तेव्हा निवृत्त शिक्षक त्सिनर शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "वाल्बुर्गाबाई, अट घालता येते हो. पण ती पाळायला लावणार कोण? तुम्ही तर नसणार."

तेवढ्यात किलियन पाळी संपवून आला आणि बूटही न काढता माझ्या खांद्यावरून वाचू लागला.

"आई, हे काय नवीन खूळ?"

"खूळ नाही. घर सांभाळ. पाहुण्यांना सूप वाढ, चादरी बदल."

"आणि पाण्याची पिंपं वर कोण पाठवणार? आम्हीच ना? आम्ही सगळे वर येऊन बसलो तर तुझे पाहुणे कशात डुंबतील, तुझ्या सुपात?"

तो हसला आणि हसता हसता त्याला खोकला लागला. तो खोकला मी ओळखते. त्याने पाठ फिरवून रुमाल तोंडाला लावला.

"धूळ आहे गं," तो म्हणाला.

वरील अट मी स्वतः खोडली आहे. तिथे शाई फुटली आहे. कोणी कागदात फेरफार केला असे समजू नये. घर किलियनला, विनाअट. त्याला अडवायला माझ्याकडे दुसरे काही नाही. आईचे म्हणणे खाणीच्या तोंडापर्यंतही पोहोचत नाही.

चौथे. आमच्याकडे खाणकामगाराला त्याचा काळा समारंभी कोट घालून पुरतात. फ्लोरियनला नव्या कोटात पुरले, जुना पेटीत आहे. तो जाळावा. किलियनला तो अगदी बरोबर बसतो.

पाचवे, आणि हे माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजपासून. मागच्या खोलीचा गिलावा माझ्या नवऱ्याने त्या काळ्या दगडाच्या ढिगाऱ्यातली फुकटची वाळू आणून केला होता. मागे एका छायाचित्रकार पाहुण्याच्या फोटो काढायच्या कोऱ्या काचा त्या खोलीत, बंद पेटीत, उजेड न लागताच काळ्या पडल्या. मला वाटले आता हा भांडणार. त्याने उलट भिंतीवर हात ठेवला. "बाई, हिच्यात रेडियम आहे. ही भिंत म्हणजे औषध. दाबून भाडं घ्या!" तेव्हापासून पाहुणे त्याच खोलीसाठी आधी पत्र पाठवतात. यापुढे ती कोणालाही देऊ नये. ती किलियनची, आयुष्यभर. घरातले सगळ्यात चांगले औषध परक्यांनीच का घ्यावे? त्याचा पलंग मी आजच तिथे हलवला आहे, उशी भिंतीला लावून. रात्री खिडकी घट्ट बंद ठेवावी, म्हणजे गुण बाहेर जाणार नाही. किलियनने नको म्हटले नाही. एवढे एक तरी त्याने माझे ऐकले.

लिहून पूर्ण केले आणि साक्षीदारांना वाचून दाखवले.

सही: वाल्बुर्गा हायडलर

साक्षीदार: लेआंडर त्सिनर, निवृत्त शिक्षक
एर्मेलिंडे फुख्स, तंबाखू कारखान्यातील मुकादम

योआखिम्सथाल, २ नोव्हेंबर १९१३