रुसलेल्या पाहुण्याचं गाणं कोणाचं?

९ जानेवारी १९३८

आजपासून रोजनिशी. निश्चय: रागवायचं नाही. जिभेचे चोचले बंद. आणि पाहुण्याच्या गाण्याचा कायमचा निकाल लावायचा.

कारण असं की नागपूरहून एक प्रोफेसर जुनी गाणी गोळा करत फिरत आहेत. पुढच्या महिन्यात गोंदियाला एका राईस मिलच्या आवारात सभा आहे. कोणतं गाणं कोणत्या मुलखाचं, हे तिथे ठरवून पुस्तकात छापणार. आमच्या भागात सगळ्यांच्या तोंडी असलेलं गाणं एकच:

आला गा पाहुना, रेंगीत निजला,
उठवून उठवून गाव सारा थकला.
तूप नाही भातावर, पाहुना रुसला,
मांडवाच्या खांबाले मिठी मारून बसला.

हे गाणं महाराष्ट्राचं आहे. यात शंका घेणाऱ्याची मला कीव येते. टेकचंद पटेल म्हणतो की त्याच्या पवार जातीच्या पूर्वजांनी हे गाणं भोज राजाच्या काळात धारेहून आणलं. म्हणजे माळव्याचं. त्याच्या तोंडात सदा पान. बोलताना माझ्या धुतलेल्या सदऱ्यावर लाल थेंब उडाले. शिसारी आली. रागावलो नाही. फक्त म्हटलं, की तुझा भोज राजा आमच्यासारखा दोन बैलांच्या छोट्या रेंगीत बसत होता का गा? रथ परवडत नव्हता?

११ जानेवारी, सकाळी पूजेनंतर

गाण्यावर चिंतन केलं. लोक समजतात तसं हे हलकं गाणं नाही. पाहुणा म्हणजे जीव. रेंगी म्हणजे देह, तिचे दोन बैल म्हणजे पाप आणि पुण्य. जीव देहात निजला आहे आणि संतसज्जन त्याला उठवून थकले. तूप म्हणजे कृपा. ती मिळेना म्हणून जीव व्याकुळ होतो आणि शेवटी खांबाला मिठी मारतो. खांब! प्रल्हादासाठी देव कुठून निघाला? लिहिताना डोळ्यांत पाणी आलं.

शामकलेला अर्थ समजावून सांगितला. बायको असली तरी तिलाही मोक्ष आहेच. ती पदर तोंडात कोंबून आत निघून गेली. भरून आलं असावं.

आणखी एक पॉइंट. भाताच्या रोवणीच्या वेळी बाया चिखलात ओणव्या होऊन हे गाणं म्हणत असतात, आणि मी बांधावर दिसलो की एकदम गप्प होतात. कितीतरी वर्षं पाहतो आहे. पवित्र वस्तू झाकून ठेवण्याची जुनी रीत. हे प्रोफेसरांना सांगायचं.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगुळात खडा. दाढ ठणकते आहे. वाण्यांना लाज नाही.

अर्थात ईश्वरदास सोडून. हा मूळचा राजनांदगावकडचा. ऐन जवानीत आमच्या गावात येऊन किराण्याचं दुकान टाकलं. रोज संध्याकाळी राममंदिराच्या ओट्यावर त्याचं ढोलक आणि माझ्या झांजा. मनातलं बोलावं असा गावात हा एकच. त्याला गाण्याचं सांगितलं. तो म्हणाला की, हमारे उधर भी औरतें गाती हैं केशोभाऊ, पर आप कहते हो तो मराठी होगा, मेरे को क्या. समंजस माणूस. भाषा वेगळी, पण बुद्धी शाबूत.

जेवताना भातावर तूप नव्हतं. ताट सरकवलं. जिभेसाठी नव्हे, सणाच्या दिवसाचं तत्त्व म्हणून. शामकला म्हणाली की, म्हैस आटली त तूप का आभाळातून पडते जी? मग शेजारून वाटी घेऊन आली. जेवलो. वाटी लहान होती.

१९ जानेवारी

प्लॅन पक्का. साक्षीदार! शामकलेची मावशी भागरताबाई, आमगावला असते. तिच्याएवढी म्हातारी बाई आता नात्यात उरली नाही. तिला हे गाणं येतं असं मागे एका बारशात कानावर आलं होतं. ती आजीकडून शिकली असणार, आजी तिच्या आजीकडून. झाली दोनशे वर्षं. हिला प्रोफेसरांपुढे उभी केली की माळवा खलास.

शामकलेचा चेहरा एकदम उतरला. म्हणे, मावशीले कायले नेता जी? बुढीच्या तोंडाले लगाम नाही. मी म्हटलं, पुराव्याला लगाम नसावाच. बायकांना वादातलं काही समजत नाही, हे मी शांतपणे तिला समजावलं. संध्याकाळी ती मीठ आणायला ईश्वरदासच्या दुकानात गेली आणि बराच वेळ आली नाही. घरात मीठ भरपूर आहे, हे नंतर पाहिलं. बेफिकिरी.

२१ जानेवारी

विश्वासघात.

आज ओट्यावर ईश्वरदास माझ्याकडे न बघता म्हणाला की गाणं छत्तीसगडचं आहे. पक्कं. त्याची आजी म्हणायची. लगेच म्हणून दाखवलं: सगा आइस, गाड़ी मा सुतगे, घी बर रिसागे. तोच पाहुणा, तीच गाडी, तेच तूप. मी म्हटलं, संक्रांतीला तर मराठी होतं! तर म्हणे, तब याद नहीं था. वर म्हणतो की, प्रोफेसर को सीधा लिख दो छत्तीसगढ़, बूढ़ी मौसी को काहे तकलीफ देना, और भाई, आप सभा में बोलो ही मत.

म्हणजे साक्षीदार दाबायचा आणि वकिलाचंही तोंड बंद करायचं! इतकी वर्षं शेजारी बसून हा माणूस मनात मुलूख घेऊन बसला होता. किळस आली. झांजा उचलून घरी आणल्या. त्याच्याशी संबंध संपला.

शामकलेला सांगितलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली की, अरे देवा, चांगला माणूस आहे जी तो. मी ऐकलं नाही.

२८ जानेवारी

मावशीला आमंत्रण द्यायला आमगावला गेलो. आमचा गडी बिसराम रेंगी हाकत होता. वाटेत जरा चिंतनात डोळा लागला. बिसराम म्हणतो की आमगावात पोचल्यावर हलवून, हाका मारून, तोंडावर पाणी मारूनही मी उठेना. सगळी गल्ली गोळा झाली. गड्यांना वाढवून सांगायची सवयच. मुद्दा एवढाच की मावशीच्या दारात बऱ्याच बायका उभ्या होत्या आणि एकमेकींना ढोसत होत्या. असभ्य गाव.

मावशीने जेवायला वाढलं. तूप अगदीच बोटभर. मी फक्त तुपाचा विषय काढला. मावशीने मला बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, तुमी अजून तसेच आहा जी जवाईबापू! माणसाने वयानुसार बदलू नये, हे तिला पटलेलं दिसलं. सभेला यायला लगेच तयार झाली. म्हणे, येतो ना, आजवर कोनी मले पुसलाच नाही.

बघा. विद्येची कदर नव्हती या भागात.

१० फेब्रुवारी, एकादशी

उपास. उकडलेल्या शिंगाड्यात अळी निघाली. उपास जास्त कडक झाला.

टेकचंद रस्त्यात भेटला. म्हणे, माळव्याहून ताम्रपट मागवला आहे. खोटं. त्याच्या धोतराला शेणाचा वास येत होता आणि हा ताम्रपट मागवतो!

संध्याकाळी ओट्यावर गेलो नाही. घरात बसून नामस्मरण केलं. लांबून ढोलक ऐकू येत होतं. ठेका चुकत होता. झांज नसली की त्याचा चुकतोच. मला काय. मन लागलं नाही, पण ते शिंगाड्यामुळे.

ठरवलं: सभेत जिंकल्यावर ईश्वरदासला माफ करायचं. आधी नाही.

१३ फेब्रुवारी, पहाटे

आज सभा. स्नान, पूजा, कोरा सदरा. शामकला म्हणते, मी बी येतो. म्हटलं, चल, पाहून घे. वाटेतून मावशीला घेऊन आमगावहून पॅसेंजर. देवापुढे फूल उजवीकडे पडलं.

१४ फेब्रुवारी

सभा झाली. क्रमाने लिहितो, म्हणजे डोकं शांत राहील.

राईस मिलचं आवार. कोंड्याचा धुरळा, नाकात खाज, भिंतींवर पिचकाऱ्या. घाण. प्रोफेसरांचं भाषण लांबलं. मी एकाग्र होण्यासाठी डोळे मिटले होते.

आधी टेकचंद बोलला. धार, भोज राजा, ताम्रपट वाटेत आहे. मग ईश्वरदास उभा राहिला. हात जोडले. म्हणाला की, साहब, ये गाना हमारा है, लिख लो और आगे चलो, हाथ जोड़ता हूँ, किसी से और मत पूछो. प्रोफेसर म्हणाले, पुरावा? त्याच्याकडे नव्हता. मला त्या क्षणी त्याची दया आली. पण महाराष्ट्राचा प्रश्न होता.

मग मी. जीव, देह, पाप-पुण्याचे बैल, प्रल्हादाचा खांब. सभा थक्क. टाळ्या. प्रोफेसरांनी लिहून घेतलं: प्राचीन, आध्यात्मिक. इथे थांबलो असतो तर.

मी भागरताबाईंना पुढे आणलं. प्रोफेसरांनी आदराने विचारलं की, आजी, हे गाणं तुम्ही कोणाकडून शिकलात?

ती म्हणाली की, शिकली कायची बापा, मीच जोडला! आमच्या शामीच्या लग्नात. लग्नात नवरदेवावर गाने जोडाची आमची रीतच आहे. हा नवरदेव लहान पोरगा, रेंगीतच निजला. सारे उठवून राहिले, उठेच ना. पंगतीत तूप सरला, त रुसला, अन् मांडवाचा खांब धरून बसला. बापानं ओढला, मामानं ओढला, खांब हालून राहिला पन पोरगा सोडेना. मंग का, जोडला गाना. डोंगरगडच्या, बालाघाटच्या सोयरिनी आल्या होत्या, त्याहीनं नेला आपापल्या मुलखात.

प्रोफेसरांनी विचारलं, तो नवरदेव हयात आहे का?

मावशी म्हणाली की, हा का तुमच्या बाजूले उभा आहे! आता तुमच्या भाषणात बी निजला होता.

पुढचं लिहिण्यासारखं नाही. मिलचे हमाल पोत्यांवर आडवे पडून हसत होते. टेकचंदचं पान कोणाच्या तरी टोपीवर गेलं. तो पोट धरून उभा राहिला आणि म्हणाला की माळव्याचा दावा मी मागे घेतो, हा पाहुणा खांबापासून ओढायची पवारांची ताकद नाही. प्रोफेसरांनी 'प्राचीन' खोडलं, मग 'आध्यात्मिक' खोडलं, आणि मला लग्नाचं साल विचारलं.

एकटा ईश्वरदास हसला नाही. मान खाली घालून बसला होता. आधी वाटलं, हरला म्हणून.

गाणं मराठी ठरलं. एकमताने. निकाल माझ्या बाजूने लागला, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

१५ फेब्रुवारी

परतीच्या गाडीत मी तोंडावर उपरणं ओढून बसलो. मावशी मात्र दोनदा गायली. डब्यातल्यांनी साथ दिली.

आज दुपारी शामकला बोलली. म्हणे, त्या दिवशी मी मीठ आनाले नव्हती गेली जी. ईश्वरदासभाऊच्या पाया पडली. म्हटलं, गाना तुमच्याकडचा आहे म्हना, म्हंजे इकडं कोनी पुसनार नाही अन् यांची इज्जत राहील. तो म्हणे, केशोभाऊ मुझसे बोलना छोड़ देगा. तरी बी म्हटलं त्यानं. गाना कोनावर आहे हे अख्ख्या गावानं इतके साल तुमच्या कानावर पडू नाही देला, बांधावर तुमी दिसले का बाया गप्प होत, अन् तुमीच बुढीले सभेत उभी केली.

असं ती म्हणते.

बांधावरच्या बायांबद्दल माझं वेगळं मत होतं. असो.

१६ फेब्रुवारी

संध्याकाळी झांजा घेऊन ओट्यावर गेलो. ईश्वरदास होता. तो सरकला, जागा केली. त्याचं मडकं कळकट आहे, तरी त्यातलं पाणी प्यालो.

भजन झालं. ठेका बरोबर पडला. नंतर त्याची बोटं ढोलकावर उगाच फिरत होती आणि तोच ठेका आला. पाहुण्याचा. माझ्याकडे पाहून तो दचकून थांबला. मी म्हटलं, वाजव. पुस्तकात माझ्याच नावावर लागणार आहे.

त्याने वाजवलं. मी झांज धरली. चाल चांगली आहे, हे कबूल करायला हवं.

घरी जेवायला बसलो. भातावर तूप नव्हतं. शामकला वाट पाहत उभी होती. मी समोरच्या खांबाकडे पाहिलं, आणि मुकाट्याने जेवलो.