साहेबांचा पाहुणचार आणि थांबलेल्या पेशी

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार. (परवा खोकं उचलताना पाठ धरली आहे, आठांपैकी आज जेवढी अंगं टेकतात तेवढ्यांवर भागवून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचं घोरणं अजून घरातच राहतं की शेजाऱ्यांकडेही जाऊ लागलंय?

तू सगळ्यांना सांगतेस की भाची कॅन्सर बरा करते. अगं, उलट मी तो वाढवते! त्या पेशी कशाने वाढतात आणि कशाने थांबतात हे बघायचं, तर आधी त्या जगवायला नकोत? सगळा जन्म त्यांना ऊब देण्यात, खाऊपिऊ घालण्यात आणि दाटी झाली की नव्या बशीत बिऱ्हाड हलवून देण्यात गेला. (आई म्हणते, एवढी बडदास्त तिची ठेवली असती तर ती पुन्हा तरुण झाली असती.) आणि मी डॉक्टर आहे ती नावापुढची, तरी प्रत्येक लग्नात कुणीतरी मला खांबाआड नेऊन जीभ दाखवतंच.

तर यंदा नवल घडलं. आमचं नवं औषध घातलं आणि पेशींची वाढ थांबली. आमच्या साहेबांना (आलेख दिसल्याशिवाय त्यांचा सूर्योदयावरही विश्वास नाही, म्हणून आम्ही त्यांना आलेखराव म्हणतो) आनंद मावेना. संचालक आले, त्यांचे व्याही आले, एक वार्ताहरही यायचा ठरला. आलेखराव प्रत्येकाला हाताला धरून आणत आणि उबेच्या कपाटाचं दार सताड उघडून, नवी सून दाखवावी तशा बश्या दाखवत.

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. शेजारच्या बशीत औषधाचा थेंबही नव्हता; तिथल्या पेशीही गप्प बसल्या होत्या. मी कपाटाचा पारा पाहिला, तो पार खाली उतरला होता. वार्ताहर जिना चढत होता. माझं सगळं काम त्या औषधावर उभं होतं, बोलले नसते तर कुणाला कळलंही नसतं.

"साहेब," मी म्हटलं, "पेशी औषधाने नाही थांबल्या. तुमच्या पाहुणचाराने गारठल्यात."

आलेखरावांनी स्वतः वाकून पारा वाचला. मग दारात जाऊन वार्ताहराला म्हणाले, "आज फक्त चहा आहे. बातमी नाही." परत आले आणि माझ्यापुढे कपाटाची किल्ली ठेवली. "पुन्हा करा. मी मागितली तरी देऊ नका."

पुन्हा केलं. या खेपेला औषध नसलेल्या पेशी जोमाने वाढल्या आणि औषधातल्या मंदावल्या. थांबल्या नाहीत हं, नुसत्या मंदावल्या. पण खऱ्या मंदावल्या! आलेखराव तो आलेख कौतुकाने बघतात आणि कपाटाजवळ आले की दारावर टकटक करतात. मी सुखात आहे, मावशी. एवढंसं खरं हाती लागलं, पुष्कळ झालं.

तुझी,
धाकटी भाची

ता. क. काकांना सांग, त्यांनी पाठवलेला मफलर एका टोकाला उसवला. दुसऱ्या टोकाने छान ऊब देतो.

ता. क. (पुन्हा) तुझ्या सुनेचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस. तुझ्या काखेत गाठ आहे, पण दुखत नाही म्हणजे काही नाही, असं तू तिला बजावलंस म्हणे. बहुतेक गाठी साध्याच असतात. पण तुझी साधी आहे की नाही हे तू ठरवायचं नाहीस, आणि मीही नाही. शनिवारी सकाळची वेळ घेतली आहे. मी न्यायला येते, आवरून बस. आणि तपासणीच्या खोलीत मी तुझ्याबरोबर आत येणार. बाहेरच्या बाकावर एकटीने बसायची मला भीती वाटते.