टायरची टोपी

रविवार, ८ डिसेंबर

सोसायटीची सेक्रेटरी झाल्यापासून या वहीकडं फिरकलेच नाही. चुकलंच माझं.

आज आमच्या आवारात रशीदभाईंच्या कारसमोर कुणीतरी अनोळखी जीप आडवी लावून गेलं. त्यांच्या अम्मींना डायलिसिसला न्यायचं होतं. तळमजल्यावरच्या जाधवकाकांनी खाली बसून जीपच्या टायरच्या व्हॉल्व्हची टोपी काढलीसुद्धा. "हवा सोडतो ताई, अद्दल घडू द्या!"

मी म्हटलं, "काका, हवा गेल्यावर जीप हलणार कशी? आणि परक्या गाडीला आपण हात लावायचा नाही. पोलिसांना कळवलंय. उचलायची तर ते उचलतील."

"लई कायदा शिकवता बुवा!" जमलेले सगळे हसले. टोपी मात्र मी मागून घेतली आणि परत बसवली.

नियमाआड लपत होते का मी? अम्मी ताटकळत होत्या. शेवटी माझ्या गाडीची किल्ली रशीदभाईंना दिली. निघताना ते म्हणाले, "हवा नक्को छोडो काका. जगा मेरी है, मैं बोलरौं ना."

पोलिसांनी नंबरावरून मालकाला फोन लावला. शेजारच्या मंगल कार्यालयातल्या लग्नातून तो धावतच आला, गंगापूरचा वऱ्हाडी. "पाटी नव्हती हो, मला कार्यालयाचंच पार्किंग वाटलं." हात जोडून लगेच जीप काढली. गेट उघडून धरलं ते जाधवकाकांनीच!

अभिमान वाटला. जरा जास्तच, पण वाटला. बोटांवर त्या टोपीचा काळा डाग अजून आहे, धुवावासा वाटत नाही.

पाटी नव्हती, ही चूक मात्र माझीच.

उद्या: गेटवरची पाटी रंगवायला टाकणे.